उठवणार कोण?

आमच्याकडे ऋतू पालटला की तो मुलांच्या श्वासनळीत सापडतो. भाद्रपद-आश्विनात सीताफळाच्या बिया. खरिपाच्या शेंगा खळ्यावर आल्या की शेंगदाणे. पौषात हुरड्याचे दाणे, संक्रांतीच्या मागेपुढे बोरांच्या आठोळ्या आणि उसाचे बारीक तुकडे, शिमगा सरला की चिंचोके. हरभऱ्याची डाळ, पेनाची टोपणं आणि खेळण्यांतले इवलेसे दिवे यांना मात्र ऋतू नसतो, ती बारमाही. एसटीने, वडापने, कधी मोटरसायकलवर आईबापाच्या मधे बसून ही मुलं आडगावांतून येतात. "जेवताना ठसका लागला, तवापासून छातीत शिट्टी वाजती," एवढंच आई सांगते, आणि बहुतेक वेळा तेवढंच पुरतं.

शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही. दिसते ती फुगलेली बाजू, कारण आत गेलेल्या हवेला बाहेर यायला वाट उरलेली नसते. ठसक्याची गोष्ट कुणी विचारलीच नाही तर मधले दोन-तीन आठवडे न्यूमोनियाच्या इंजेक्शनांत नाहीतर दम्याच्या पंपात जातात. दाण्यातलं तेल तोवर आपलं काम करत असतं. आतलं अस्तर सुजतं, पू धरतो, दाणा फुगून मऊ पडतो आणि चिमट्यात धरला की तुटतो.

बोरन्हाणाची हौस मला कळते. माझ्या नातीचंही झालं. पण ज्या वयात दाढा नाहीत त्या वयाच्या लेकराच्या डोक्यावरून बोरं, शेंगदाणे, हलवा ओतायचा आणि भोवतीच्या चिल्ल्यापिल्ल्यांनी तो जमिनीवरून वेचून भराभर तोंडात कोंबायचा, हे मला शांतपणे बघवत नाही. आमच्या घरी चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्यांवर भागवलं. जाऊबाईंनी नाक मुरडलं. मुरडू देत.

मी भूल देते. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी आयुष्य गेलं, मोठ्यांना भूल दिली, बाळंतिणींना दिली, पण रात्री झोपेतून दचकून उठायला लावलं ते मुलांनी. शेंगदाण्याची केस आली की आजही जेवण राहिलं असेल तर राहू देते.

या केसमध्ये सर्जनला ज्या नळीतून काम करायचं असतं, त्याच नळीतून मला मुलाला श्वास द्यायचा असतो. ब्रॉन्कोस्कोपची ती सरळ धातूची नळी स्वरतंतूंच्या मधून खाली जाते. तिच्या बाजूच्या तोंडाला माझं सर्किट जोडलेलं. सर्जनने चिमटा घालण्यासाठी वरचं झाकण उघडलं की माझी हवा त्याच्या तोंडावर निघून जाते आणि मुलाच्या छातीत काही पोचत नाही. पल्स ऑक्सिमीटरचा सूर तेव्हा ऐकावा. सॅच्युरेशन अठ्ठ्याण्णव असताना तो चढा असतो, नव्वदला उतरतो, ऐंशीला खर्जात जातो. पडद्याकडे बघावंच लागत नाही. मी म्हणते, "सर, बाहेर या." ते म्हणतात, "एक सेकंद, दिसतोय." मी पुन्हा म्हणते, आवाज न चढवता, आणि ते बाहेर येतात. अशा वेळी बाहेर येणारा सर्जन लाभणं हा नशिबाचा भाग आहे. माझं नशीब बरं होतं.

सगळ्यांत वाईट क्षण दाणा सापडल्यानंतरचा. चिमट्यात धरून वर आणताना तो स्वरतंतूंपाशी निसटतो आणि मुख्य श्वासनळीत आडवा बसतो. इतका वेळ एक फुप्फुस बंद होतं, आता दोन्ही. अशा वेळी हात वर ओढायला धावतात, कारण दाणा आता अगदी जवळ आलेला असतो. करायचं मात्र उलटं. तो सापडत नसेल तर होता तिथे, खाली, एका बाजूला ढकलून द्यायचा. एका फुप्फुसावर मूल श्वास घेतं. रंग परत येतो, सूर वर चढतो, मग पुन्हा पहिल्यापासून. हे पुस्तकात लिहिलेलं आहे. पण पुस्तकात वाचलेला माणूस त्या क्षणी ओढतच राहतो. ज्याने शेजारी उभं राहून एकदा कुणाला खाली ढकलताना पाहिलंय, तोच ढकलतो.

मला जे सांगायचं आहे ते खरं म्हणजे एवढंच आहे. पण त्याला लागून बरंच काही येतं.

मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, हे वाक्य आमच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात पहिल्या पानावर असतं आणि प्रत्येक जण ते परीक्षेत लिहून येतो. त्याचा अर्थ आकड्यांत असा. तीन किलोच्या नवजात बाळाच्या अंगात रक्त असतं सुमारे अडीचशे मिलीलिटर, म्हणजे एक फुलपात्र. ऑपरेशनमध्ये गॉजचे पाच-सहा छोटे तुकडे भिजले तर मोठ्या माणसाच्या बाबतीत कुणी मान वर करून बघणार नाही, इथे रक्ताची पिशवी मागवायची वेळ येते. बाळाला वजनाच्या मानाने आपल्या दुप्पट ऑक्सिजन लागतो आणि छातीतला साठा मात्र तुटपुंजा. भरपूर ऑक्सिजन देऊन मोठ्या माणसाचा श्वास थांबवला तर तो काही मिनिटं टिकतो, बाळ दीडेक मिनिटात निळं पडायला लागतं. त्याची श्वासनळी जेमतेम चार मिलिमीटरची. तिला सगळीकडून एक मिलिमीटर सूज आली, तर वाटेचा तीन चतुर्थांश भाग गेला. नळी टाकताना जराशी घाई, जराशी मोठी नळी, एवढ्यावर ही सूज येऊ शकते. ऑक्सिजन कमी पडला की मोठ्या माणसाचं हृदय धावतं, बाळाचं हळू होतं. एकशे चाळीसचे ठोके शंभरावर, शंभरचे साठावर. म्हणून आमच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, "ब्रॅडी" हा शब्द कुणी उच्चारला की सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबतात.

औषधांचंही तसंच. अॅट्रोपिनच्या एक मिलीच्या अँप्युलमध्ये ०.६ मिलिग्रॅम असतं. तीन किलोच्या बाळाला द्यायचं ०.०६, म्हणजे अँप्युलचा दहावा भाग, सिरिंजमधला एक थेंब म्हणा ना. दशांशचिन्ह एक घर सरकलं की दहापट. वजनाचं सूत्र आहे: वयात चार मिळवा, दुप्पट करा. हे सूत्र पोटभर खाणाऱ्या मुलांवरून बनलेलं आहे. मेळघाटातल्या किंवा ऊसतोडीच्या पालावरच्या चार वर्षांच्या पोराला ते लावलं तर सोळा किलो येतात, आणि काट्यावर ठेवलं की दहा भरतात. म्हणून मी सूत्र वापरत नाही, काटा वापरते. वॉर्डातला काटा बिघडलेला असेल तर मावशींना दुकानातून आणायला पाठवते. मावशींना हे आता सांगावंही लागत नाही.

मुलांच्या भुलेसाठी लागणारं सर्वांत सुंदर उपकरण कुठलं, असं मला कुणी विचारलं तर मी जेआर सर्किट म्हणेन. जाड नळीचा एक तुकडा, एक टी-च्या आकाराचा सांधा, टोकाला अर्ध्या लिटरची रबरी पिशवी आणि त्या पिशवीच्या शेपटाला एक उघडं भोक. झडप नाही, स्प्रिंग नाही, बिघडण्यासारखं काही नाही. इंग्लंडातल्या न्यूकॅसलमध्ये फिलिप एअर नावाचे भूलतज्ज्ञ होते. १९३७ साली त्यांनी हा टी-पीस बसवला. तोवर मुलांनाही मोठ्यांच्याच यंत्रावर ठेवत, आणि त्या झडपा ढकलून श्वास घेता घेता दुभंगलेल्या ओठांची, टाळूंची बाळं दमून जात. एअर स्वतः दुभंगलेल्या ओठ-टाळूसह जन्मलेले होते, बोलायला आयुष्यभर अडचण. १९५० मध्ये लिव्हरपूलच्या जॅक्सन रीस यांनी त्या टी-पीसला शेपटीची पिशवी जोडली. श्रीमंत देशांत तयार झालेली फार थोडी उपकरणं गरीब देशांना इतकी मानवली असतील. वीज नको, इंजिनियर नको.

एक गोष्ट तेवढी लागते. शिकलेला हात. पिशवीचं शेपूट करंगळी आणि अनामिकेत धरायचं, उरलेल्या बोटांनी पिशवी दाबायची, शेपटातून किती सुटू द्यायचं ते करंगळीने ठरवायचं. हे करताना पिशवी हाताला सांगत असते. फुप्फुस मऊ आहे की ताठलंय, नळी वाकली का, कफ आलाय का, बाळ स्वतः श्वास घ्यायला लागलंय का. पोटावर सर्जनने रिट्रॅक्टर जोरात ओढला तर मला ते पडद्यापलीकडे न बघता पिशवीत कळतं. आमच्या मॅडम आम्हा रेसिडेंटना हे शिकवताना मॉनिटर भिंतीकडे वळवून ठेवायच्या. बाळाच्या छातीवर डाव्या बाजूला स्टेथोस्कोपची घडी चिकटपट्टीने लावलेली, तिची नळी आमच्या एका कानात. उजवा हात पिशवीवर, डावा बाळाच्या जबड्याखाली. "ठोके किती?" मॅडम मागून विचारत. "आवाज कसा आहे? मघापेक्षा बसलाय का?" बाळाचा रक्तदाब उतरला की हृदयाचे आवाज आधी मऊ होतात, लांब जातात. हे कानाला कळायला आठवडे लागायचे. कळल्यावर मात्र तो कान परत जात नाही. त्याच मॅडमनी उमेदवारीत तारेच्या मास्कवर थेंब थेंब ईथर टाकून भूल दिलेली होती, आणि ईथरचा वास साडीतून दोन धुण्यांतही जात नाही असं त्या सांगत. आम्ही हसायचो. त्या हसत नसत.

मॉनिटर नको असं माझं म्हणणं मुळीच नाही. पल्स ऑक्सिमीटर नसलेल्या ओटीत मुलाला भूल देणं आज गुन्हा मानला पाहिजे. जपानच्या ताकुओ आओयागींनी १९७४ मध्ये त्यामागची कल्पना मांडली आणि आमच्या पेशातलं अर्धं अंधारातलं काम उजेडात आलं. जगातल्या गरीब ओटींपर्यंत हे यंत्र पोचावं म्हणून २०११ साली लाइफबॉक्स ही संस्था निघाली. ती काढण्यात पुढाकार होता अतुल गवांदे यांचा. त्यांचे वडील डॉ. आत्माराम गवांदे यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे, हे वाचून मला उगाचच बरं वाटलं होतं. त्या संस्थेने एक शहाणपण केलं, यंत्राबरोबर शिकवणं जोडलं. कारण यंत्र आलं आणि त्याला फक्त मोठ्या माणसाच्या बोटाला बसणारा चिमटा असला, तर बाळाच्या बोटावरून तो निसटतो, आकडा खोटा येतो, आणि चार वेळा खोटी घंटा वाजली की पाचव्यांदा कुणी बघत नाही. बाळाला प्रोब पायाच्या पंज्याभोवती गुंडाळायचा असतो. हे कुणीतरी दाखवावं लागतं.

देणगीतून आलेल्या यंत्रांची स्मशानं मी पाहिली आहेत. ओटीच्या मागच्या व्हरांड्यात, प्लास्टिकच्या आवरणासकट. उद्घाटनाचा फोटो ऑफिसात, यंत्र व्हरांड्यात. एका सुट्या भागासाठी पत्रव्यवहार, मग स्मरणपत्र, मग बदली. आणि ज्या रात्री बाळ येतं त्या रात्री तीन नंबरची नळी संपलेली असते. साडेपाचच्या डबाभर पडून असतात. फार मोठी गोष्ट नव्हे ती, पन्नास-शंभर रुपयांची नळी. पण मागणीपत्रात लहान नंबर लिहायचे असतात हे लिहिणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं.

ही काही आमच्या एकट्याची रडकथा नव्हे. युगांडात २००६ साली तिथल्या भूल देणाऱ्यांची एक पाहणी झाली. तुमच्याकडे जी साधनं आहेत त्यांवर सुरक्षित भूल देता येईल का, असा साधा हिशेब. मोठ्या माणसाला देता येईल अशी स्थिती असलेले २३ टक्के निघाले. मुलाला, १३ टक्के. ज्या देशात निम्म्याहून अधिक माणसं अठरा वर्षांखालची आहेत त्या देशात हे. तिथे भूल देणारे बहुतेक जण डॉक्टर नाहीत, खास प्रशिक्षण घेतलेले अधिकारी आहेत. आपल्याकडे यावर नाकं मुरडली जातात. मला विचाराल तर नीट शिकवलेला, रोज मुलांत हात असलेला अधिकारी मला चालेल. एम.डी.ची पाटी असलेला पण वर्षभरात एकही बाळ हाताळलं नाही असा माणूस चालणार नाही. माझ्या या मतावर आमच्या संघटनेच्या बैठकीत चहा गार होईपर्यंत वाद झालेला आहे.

आपल्याकडे शिक्षण होतं कसं? एम.डी.ची तीन वर्षं. त्यात मुलांच्या ओटीत पोस्टिंग काही आठवड्यांची, फार तर काही महिन्यांची. कॉलेज मोठं असेल तर या काळात अन्ननलिका तुटलेली, पोटाबाहेर आतडी आलेली, गुदद्वार नसलेली बाळं बघायला मिळतात. बघायला म्हणते, कारण नळी टाकायला एकाच वेळी तिघं रांगेत असतात. मग परीक्षा, मग बंधपत्र, आणि मुलगा किंवा मुलगी जाऊन पडते जिल्हा रुग्णालयात एकटी. तिथे रोज सिझेरियन, रोज अपेंडिक्स, रोज अपघाताची हाडं. बाळ येतं महिन्याकाठी एखादं, तेही रात्री. आठवड्यांत कमावलेला कान दोन वर्षांत जातो. सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना अठरा आठवड्यांत भूल शिकवण्याचा कार्यक्रम काढला. तो बाळंतिणींचे जीव वाचावेत म्हणून, आणि त्यासाठी तो योग्यच होता. मूल त्यात कुठे नव्हतं. २०१३ साली पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. शाळा-अंगणवाड्यांत जाऊन हृदयाला भोक असलेली, ओठ दुभंगलेली, पाय वाकडे असलेली मुलं शोधायची. शोधणारी पथकं गावोगावी पोचली. भूल देणारा हात मात्र शहरातच राहिला.

म्हणून मग "वर पाठवा." आमच्या भाषेत हा एक संपूर्ण उपचार आहे. वर्षाच्या पोराचा हर्निया, पाऊण तासाचं काम, आणि त्याच्यासाठी बाप दीडशे-दोनशे किलोमीटर जातो, मजुरी बुडवतो, बायकोला दवाखान्याच्या पायरीवर झोपवतो. एकदा तारीख मिळत नाही, एकदा मुलाला सर्दी निघते, तिसऱ्यांदा तो जातच नाही. आतडं अडकलं की रात्री आमच्याच दारात येतो, आणि तेव्हा ते सोपं काम अवघड झालेलं असतं. वर पाठवणाऱ्याला मी दोष देत नाही. जे येत नाही ते करायला नको म्हणणं यालाही धैर्य लागतं. पण प्रत्येक नकाराबरोबर पुढच्या बाळासाठीचा हात आणखी कच्चा राहतो, हे कुणाच्या रजिस्टरमध्ये चढत नाही.

त्याच हर्नियाच्या पोराला किती थोडक्यात सुखरूप सोडवता येतं! मूल झोपवून कुशीवर वळवायचं. माकडहाडाच्या वर दोन बारीक उंचवटे बोटाला लागतात, त्यांच्या मधे एक खळगा. तिथे सुई तिरकी घालायची. एक पातळ पडदा फुटल्याचं बोटाला कळतं, इतकं सूक्ष्म की पहिल्या दहा वेळा ते कळलं की नुसतं वाटलं हेच समजत नाही. मग वजनाप्रमाणे बधिर करण्याचं औषध सावकाश द्यायचं. कॉडल म्हणतात त्याला. वरची भूल निम्म्यावर येते, रक्तदाब हलत नाही, आणि पोरगं उठतं ते न कळवळता, दूध मागत. औषधाचा खर्च अगदी किरकोळ. हे शिकायला बोट लागतं आणि त्या बोटावर दुसऱ्या कुणाचं तरी बोट.

दुखण्यावरून आठवलं. फार जुनी गोष्ट नाही. नवजात बाळांना वेदना पुरत्या कळतच नाहीत, आणि भुलेचं औषध त्यांना सोसत नाही, अशा समजुतीने त्यांच्यावर जेमतेम भुलेत ऑपरेशनं होत होती, आणि तीही पुढारलेल्या देशांतल्या मोठ्या रुग्णालयांत. स्नायू शिथिल केलेले, म्हणजे बाळ हलत नाही, रडत नाही, सगळं सुरळीत दिसतंय. १९८७ मध्ये इंदूरला शिकून ऑक्सफर्डला गेलेल्या कंवलजीत आनंद यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या रक्तातली संप्रेरकं मोजून दाखवलं की शरीर आतून आक्रोश करत असतं, आणि नीट वेदनाशामक दिलेली बाळं ऑपरेशननंतर अधिक चांगली राहतात. ज्याला बोलता येत नाही त्याचं दुखणं सिद्ध करायला प्रयोगशाळा लागली. बाळंतपण केलेल्या कुठल्याही सुईणीने हे फुकट सांगितलं असतं.

आयांकडून मी पुष्कळ शिकले. एक उपासाचं. आम्ही सांगतो, दूध चार-सहा तास आधी बंद, पाणी तास-दोन तास आधीपर्यंत चालेल. आईपर्यंत पोचतं ते "रात्री बारापासून काही देऊ नका." सकाळी नऊची केस दुपारी दोनला लागते. लेकरू टाहो फोडतं, ओठ सुकतात, शीर सापडत नाही. मग एखादी आजी पदराआडून बिस्किटाचा तुकडा देते, आणि ऑपरेशन रद्द होईल या भीतीने आई ते लपवते. आईला विचारलं, "काही दिलं नाही ना?" तर उत्तर ठरलेलं. म्हणून मी मुलाला विचारते, "काय खाल्लंस रे सकाळी?" ते लगेच सांगतं, "बिस्कुट." आईचा चेहरा उतरतो. मी रागावत नाही. केस मागे घेते आणि यादीत लहान मूल पहिलं घ्यायला सर्जनच्या मागे लागते, जे मुळातच करायला हवं होतं.

एकदा दरवाजापाशी एका आजोबांनी मला थांबवलं. धोतर, पांढरी टोपी, हातात नातवाची चप्पल. म्हणाले, "झोपवायचं तुमी करता, बाई. मंग उठवायला कोन अस्तंय?"

"मीच, आजोबा."

"तवर कुठं जात न्हाई ना?"

"नाही जात."

"मग बरंय," म्हणाले, आणि चप्पल पिशवीत ठेवली.

सुशिक्षित माणसंही मला हा प्रश्न विचारत नाहीत. त्यांना वाटतं इंजेक्शन दिलं, मूल झोपलं, भूलवाल्या बाई चहाला गेल्या. सर्जनचं नाव त्यांना पाठ असतं, त्याच्या अमेरिकेतल्या फेलोशिपसकट. भूल कोण देणार हे सही करण्याच्या कागदावरही ते बघत नाहीत.

शिकवण्याचे मार्ग आहेत, अगदीच नाहीत असं नाही. ब्रिटन-आयर्लंडच्या भूलतज्ज्ञांची संघटना आणि भूलतज्ज्ञांचा जागतिक महासंघ यांनी मिळून 'सेफ' नावाचा तीन दिवसांचा वर्ग बांधला. त्यातला मुलांच्या भुलेचा वर्ग आफ्रिकेत आणि आशियात कितीतरी ठिकाणी चालतो. बाहुल्यांवर नळ्या टाकायच्या, डोस काढायचे, संकटं खोटी खोटी उभी करून ती सोडवायची. पुढे तिथलेच लोक शिकवणारे होतात, ही त्यातली मला आवडणारी गोष्ट. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शेजारच्या गरीब देशांतले डॉक्टर येऊन मुलांची भूल शिकून गेले. तीन दिवसांत पुष्कळ मिळतं. क्रम कळतो, भीती कमी होते, मदत कधी मागायची ते कळतं. कान मिळत नाही. कानाला महिने लागतात, आणि ते महिने कुणाच्या तरी शेजारी काढावे लागतात.

आता ओटीत मी कमी जाते. शिकवायला जाते. परवा एका मुलीला विचारलं, बाहेरगावी पोस्टिंग कसं चाललंय? म्हणाली, "मॅडम, सगळं आहे. नवं वर्कस्टेशन आहे, सेव्होफ्लुरेन आहे, व्हिडिओ लॅरिंगोस्कोप आहे. रात्री फोन करायला कोणी नाही." तिला माझा नंबर दिलेला आहे. रात्री तीनला तो वाजतो, मी बिछान्यात उठून बसते आणि विचारते, "पिशवी हाताला कशी लागतेय?" फोनवरून मला फक्त ऑक्सिमीटरचा सूर ऐकू येतो. पण तोही पुष्कळ सांगतो.

माझी मागणी साधी आहे आणि ती मी अर्जातूनही केलेली आहे. जिल्हा रुग्णालयातल्या प्रत्येक भूलतज्ज्ञाला दर दोन वर्षांनी निदान एक महिना मुलांच्या मोठ्या ओटीत पाठवा, पगारी, बदली डॉक्टर देऊन. मोठ्या रुग्णालयातल्या जाणत्या भूलतज्ज्ञाने महिन्यातून दोन दिवस जिल्ह्यात यावं, मुलांची साधी ऑपरेशनं त्या दिवशी ठेवावीत, आणि आपला हात खिशात ठेवून दुसऱ्याला करू द्यावं. लहान नंबरच्या नळ्यांची यादी ओटीच्या भिंतीवर लावा. याला नवी इमारत लागत नाही.

आणि तुम्हाला, म्हणजे आईबापांना. तुमच्या मुलाचं ऑपरेशन ठरलं तर भूल कोण देणार ते विचारा. नाव विचारा. लहान मुलांना नेहमी देता का, ते विचारा. मूल पुरतं शुद्धीवर येईपर्यंत त्याच्याजवळ कोण थांबणार, ते विचारा. ज्याला काम येतं त्याला या प्रश्नांचा राग येत नाही. ज्याला राग येईल, त्याच्याकडून मूल उचला आणि दुसरीकडे न्या.